केरोबा साळिंदर आणि मेहुण्याचा पेटारा

एका जंगलात सिंहच राजा होता. मुलांनो, यात नवल काही नाही. त्या कामाला दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढंच.

त्या जंगलाच्या एका अंगाला डोंगर होता आणि दुसऱ्या अंगाला नदीचा डोह. मधे दाट झाडी. प्राण्यांचे पंथही दोन होते. डोंगरपंथी प्राणी सकाळी उठले की डोंगराकडे तोंड करून मान झुकवायचे. डोहपंथी प्राणी सकाळी उठले की डोहात पाय भिजवायचे. बाकी सगळं सारखं. खाणं सारखं, आजार सारखे, भांडणं सारखी. पोरांची नावंसुद्धा सारखी. इकडे एक म्हाळसा असली की तिकडे दोन असायच्याच.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय होती? अहो, हीच तर अडचण होती. इतकं सगळं सारखं असल्यावर आपला कोण आणि परका कोण, हे ओळखायचं कसं?

पूर्वी सरळ विचारून घ्यायचे. विचारलं की उत्तर यायचं आणि उत्तर आलं की कोणीतरी दात विचकायचं. एका वर्षी हे प्रकरण इतकं वाढलं की रोज सकाळी झाडीत पाचसहा प्राणी मरून पडलेले दिसू लागले. सिंहमहाराज भडकले. आपण न मारलेले प्राणी मेलेले त्यांना खपत नसत. त्यांनी कोल्ह्याकरवी दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका. आजपासून कोणी कोणाला पंथ विचारायचा नाही. जो विचारील त्याच्याकडे महाराज स्वतः जेवायला येतील."

हा हुकूम सगळ्यांनी अगदी मनापासून पाळला. पंथ विचारणं त्या दिवसापासून बंद झालं. तो जाणून घेणं बंद करा, असं दवंडीत कुठे म्हटलेलं नव्हतं.

पण न विचारता जाणून घ्यायचं कसं? प्राणी बिचारे फार हैराण झाले. शेजारी नवीन कोणी राहायला आलं की रात्रभर झोप लागायची नाही.

अशा वेळी जंगलात कॉम्प्युटर आले.

ते एका कावळ्याने आणले. कॉम्प्युटर दोन तऱ्हेचे होते. एकाचं नाव शिंपला. तो पांढरा, गुळगुळीत, मिटला की कुठे फट म्हणून दिसायची नाही. आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्याचं नाव पेटारा. तो काळा, चौकोनी, चार स्क्रू काढले की कोणालाही आत नाक खुपसता यायचं. त्याचा पंखा मात्र दळण दळल्यासारखा घरघरायचा.

शिंपल्यांचा माल होडीतून आला, म्हणून कावळ्याने ते दुकान डोहाच्या काठावर थाटलं. पेटारे घाटातून आले, म्हणून ते दुकान डोंगराच्या पायथ्याशी. माल उतरवला तिथेच मांडला, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. डोहाकाठच्या प्राण्यांनी जवळच्या दुकानातून शिंपले घेतले. डोंगराकडच्यांनी पेटारे घेतले. एवढ्यासाठी जंगल तुडवत पलीकडे कोण जाणार?

पण पुढच्याच महिन्यात घुबडशास्त्र्यांनी वडाखाली व्याख्यान दिलं. ते म्हणाले, डोहपंथीयांचं मन मुळातच खोल, त्यामुळे ज्याचा तळ दिसत नाही असं यंत्र त्यांना आवडतं. डोंगरपंथीयांचं मन भक्कम, त्यामुळे जे दणकट आहे तेच त्यांना भावतं. हे सगळं रक्तातच असतं, असं सांगून शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत कावळा बसला होता, त्याने तर पंख दुखेपर्यंत वाजवल्या.

त्या दिवसापासून जंगलात सगळ्यांना शांत झोप लागू लागली. नवीन कोणी भेटला की रामराम झाल्यावर विचारायचं, "तुमच्याकडे कुठला?" उत्तर मिळालं की काम झालं. महाराजांचा हुकूमही मोडला नाही.

आता या जंगलात केरोबा नावाचा एक साळिंदर होता. त्याचीच ही गोष्ट.

केरोबा बिळांचे नकाशे काढायचा. कोणाचं बीळ कुठून सुरू होतं, कुठे वळतं, कुठे शेजाऱ्याच्या बिळाला घासतं, हे सगळं त्याच्या नकाशात असायचं. काम चोख. डोंगरपंथी आईबापांच्या पोटी तो जन्मला होता आणि रोज सकाळी डोंगराकडे मान झुकवल्याशिवाय तोंडात दाणा घेत नव्हता. पण कॉम्प्युटर मात्र शिंपला.

त्याचं कारण साधं होतं, मुलांनो. शिंपल्याच्या पडद्यावर टोकदार वस्तूने रेघ ओढता यायची. केरोबा आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि झरझर नकाशा काढायचा. पेटाऱ्यावर काट्याने रेघ उमटत नसे. बस. यात रक्ताबिक्ताचा काही संबंध नव्हता. पण घुबडशास्त्र्यांच्या व्याख्यानाला तो गेला नव्हता, त्यामुळे आपण केवढी मोठी गडबड करून बसलोय याची त्याला कल्पनाच नव्हती.

केरोबा आणि त्याची बायको सगुणा डोंगराकडे मेहुण्याच्या, म्हणजे हैबतीच्या बिळात राहायची. बीळ एवढंसं. केरोबा वळला की काटे हैबतीला टोचायचे, हैबती वळला की केरोबाला. तशात सगुणाला दिवस गेले. ससेवैद्यांनी पोटाला कान लावून सांगितलं, जुळं आहे.

"अहो," सगुणा म्हणाली, "या बिळात पोरं जन्मली तर त्यांना पहिला काटा मामाचाच लागेल. आपलं स्वतःचं बघा काहीतरी. माझे दिवस भरत आलेत."

केरोबा निघाला. डोंगराच्या पायथ्याशी एक सोसायटी होती, कडेकपारी बीळधारक मंडळ. तिचे सेक्रेटरी होते दादासाहेब मुंगूस. केरोबाने त्यांना वाकून नमस्कार केला.

"बीळ आहे," दादासाहेब म्हणाले. "पूर्वेचं तोंड, कोरडी माती. आमच्याकडे तसलं काही नाही बरं का. पंथबिंथ आम्ही विचारत नाही. तुम्ही काय खाता, कुणाला पुजता, आम्हाला देणंघेणं नाही."

"वा," केरोबा म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

"फक्त तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठला, तेवढं सांगा."

"शिंपला."

दादासाहेबांची शेपटी ताठ झाली. त्यांनी बिळाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं.

"अरेरे," ते म्हणाले. "ते बीळ तर आत्ताच गेलं."

"आत्ता? तुम्ही माझ्याशी बोलत असताना?"

"हल्ली फार मागणी आहे हो."

केरोबा साधा असला तरी मठ्ठ नव्हता. त्याच्या ध्यानात आलं. तो घाईघाईने म्हणाला, "दादासाहेब, काहीतरी गैरसमज होतोय. अहो, मी रोज सकाळी डोंगराकडे तोंड करून..."

दादासाहेबांनी दोन्ही पंजे कानांवर घट्ट दाबले. "सांगू नका," ते म्हणाले. "हुकूम आहे महाराजांचा. आम्ही विचारत नाही, तुम्हीही सांगायचं नाही."

असा केरोबा आपल्याच डोंगराखालून हात हलवत परतला. वाटेत त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त काळजी वाटली. घरी सगुणा पाय सुजवून बसली होती. तिला काय सांगायचं ते त्याला सुचेना. शेवटी तो घरी न जाता जंगल तुडवत थेट डोहाकडे गेला.

डोहाच्या काठी दुसरी सोसायटी होती, गारवा गृहसंस्था. तिच्या सेक्रेटरी होत्या गोदाकाकू पाणमांजर. तोंडाने फटकळ, पण स्वभावाने मायाळू.

"पंथ आम्ही विचारत नाही," गोदाकाकू म्हणाल्या.

"माहीत आहे," केरोबा म्हणाला. "शिंपला आहे."

गोदाकाकूंचा चेहरा खुलला. "असं आधी सांगायचं नाही का? उन्हात काय उभे राहिलात? या, आत या. घरी कोण कोण असतं? बायको पोटुशी? अगोबाई, मग तिला चालवत आणू नका. आमचे भिवाजी कासव जातील, पाठीवर बसवून आणतील. जरा उशीर होईल, पण धक्का लागायचा नाही."

अशा रीतीने केरोबाला बीळ मिळालं. ऐसपैस, थंडगार, दोन तोंडांचं. आणि दारात उभं राहिलं की झाडीच्या शेंड्यांवरून डोंगरही दिसायचा. सगुणा भिवाजींच्या पाठीवरून उतरली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. ती बीळभर हिंडली, मातीला हात लावून पाहिला आणि रडली. बाई आनंदाने रडत होती हे केरोबाला जरा उशिराच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरोबा दारात आला. त्याने डोंगराकडे तोंड केलं आणि मान झुकवली. मान वर केली तर समोर सगळी गारवा गृहसंस्था. डोहात पाय भिजवायला निघालेले सगळे जागच्या जागी थबकले होते.

आता बीळ गेलं, असं केरोबा धरूनच चालला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भिवाजी कासव सावकाश म्हणाले, "मानेचा त्रास दिसतो."

"असणारच," गोदाकाकू म्हणाल्या. "दिवसभर शिंपल्यात डोकं घालून बसायचं म्हणजे मान धरणारच की. माझीसुद्धा धरते. हा व्यायाम कोणी सांगितला तुम्हाला?"

"वडिलांनी," केरोबा म्हणाला. हे खरंच होतं.

"चांगला आहे. रोज करत जा."

आता तुम्ही म्हणाल, मुलांनो, की एवढं डोळ्यांसमोर दिसूनही त्यांना कळलं कसं नाही? तुम्ही अजून लहान आहात. ज्याच्याकडे शिंपला तो डोहपंथी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पक्कं ठाऊक असलं की डोळ्यांना फारसं काम उरत नाही. केरोबा पुढचे कितीतरी दिवस उघड्यावर, सूर्याच्या साक्षीने, डोंगराला मान झुकवत राहिला आणि शेजारी येताजाता विचारत राहिले, "काय, आज मान कशी आहे?"

सगळं सुरळीत चाललं होतं. पण साळिंदराने बसताना मागे बघावं लागतं. एका दुपारी केरोबा जेवून सुस्तावला होता. तो न बघता मागे सरकला आणि सगळ्या काट्यांनिशी शिंपल्यावर बसला.

शिंपला गेला. पडद्याची अक्षरशः चाळणी झाली. कावळा म्हणाला, दुरुस्त होईल, पण भाग नदीपलीकडून यायला लागतो, वेळ लागेल. इकडे नकाशांची कामं खोळंबली. सगुणाला तर आता उठवतही नव्हतं. मग हैबतीने बहिणीच्या काळजीने आपला जुना पेटारा पाठवून दिला. नकाशाच्या रेघा त्यावर उमटत नसत, पण निदान नावंगावं तरी लिहून होतील, असा त्याचा हिशेब.

केरोबाने पेटारा सुरू केला. त्याचा पंखा घरघरू लागला. तो आवाज एका तोंडाने बाहेर पडला, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडला आणि डोहाच्या पाण्यावरून सगळ्या काठावर गेला.

संध्याकाळपर्यंत गारवा गृहसंस्थेची तातडीची सभा भरली.

केरोबा सभेत मधोमध उभा राहिला. सगुणा बिळाच्या तोंडाशी पोट धरून बसली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या, पण ती कोणाला सांगत नव्हती. आज रात्री आपल्याला घर असेल की नाही, याकडे तिचे कान लागले होते.

"केरोबा," गोदाकाकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आम्ही तुम्हाला घरचं मानलं. तुमच्या बिळात पेटारा?"

"माझा नाही हो, मेहुण्याचा आहे."

सभेत कुजबूज सुरू झाली. मेहुणा पेटारा वापरतो. म्हणजे बायकोचं माहेर पेटाऱ्याचं. म्हणजे पोरांचं आजोळ पेटाऱ्याचं. एका पाणकोंबडीने आपली पिल्लं पंखाखाली घेतली.

"फसवणूक झाली आपली," मागून एक खेकडा म्हणाला. "उद्या सकाळी बीळ मोकळं करून द्या म्हणावं."

केरोबाने बिळाच्या तोंडाकडे पाहिलं. सगुणाच्या चेहऱ्यावरून त्याला समजायचं ते समजलं. आता लपवाछपवी पुरे, असं त्याने ठरवलं. खरं सांगितलं तर माणसं समजून घेतात, असं त्याच्या आईने त्याला लहानपणी सांगितलं होतं. आया काहीही सांगतात.

"मंडळी," तो म्हणाला, "मी सरळच सांगतो. मी डोंगरपंथी आहे. जन्मापासून. रोज सकाळी मी मान झुकवतो तो व्यायाम नाही, ती माझी पूजा आहे. तुम्ही चांगली माणसं आहात. मी तुम्हाला कधी त्रास दिला नाही. माझ्या बायकोला कळा लागल्यात. आम्हाला राहू द्या."

त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आधीच सभेतल्या प्रत्येकाने कान झाकले होते. भिवाजींना हात पुरेनात, म्हणून ते डोक्यासकट पाठीत शिरले. केरोबाचे ओठ हलायचे थांबले तसे सगळ्यांनी हळूच कान उघडले.

"आम्ही काही ऐकलं नाही," गोदाकाकू म्हणाल्या. "तुम्ही कोणत्या पंथाचे, कुणाला पुजता, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्ही जुन्या विचारांचे नाही. आमचा आक्षेप फक्त पेटाऱ्याला आहे."

"मग काय करू मी?"

गोदाकाकूंना मनातून त्या पोटुशी बाईची दया येत होती, पण नियम तो नियम. तेवढ्यात पाठीतून डोकं बाहेर काढून भिवाजी म्हणाले, "यावर आपल्याकडे उपाय आहे की."

डोहपंथीयांत जुनी रीत होती. कोणाला त्यांच्यात यायचं असलं की त्याला डोहावर न्यायचं, पाय भिजवायचे, कानात नवीन नाव सांगायचं आणि मग तो आपला. त्याआधी तो कोण होता हे पुन्हा काढायचं नाही. भिवाजी म्हणाले, "केरोबांचं काही म्हणायचं नाही आपल्याला. त्यांना आपण पंथच विचारलेला नाही, तर त्यांना पंथात घेणार कसे? पण पेटाऱ्याला घेता येईल."

सभेने सुटकेचा निश्वास टाकला. कोणावर अन्याय नाही, कोणाला हाकलायचं नाही, हुकूमही मोडत नाही. इतका शहाणपणाचा तोडगा त्या काठावर कधी निघाला नव्हता.

"अहो पण तो पाण्यात..." केरोबा म्हणू लागला.

"खर्च संस्थेचा," गोदाकाकू म्हणाल्या.

लगेच वाजतगाजत पेटारा डोहावर नेला. बेडकांनी सूर धरला. पाणकोंबड्यांनी फुलं उधळली. पेटाऱ्याला पाय नव्हते, त्यामुळे नेमकं काय भिजवायचं यावर थोडा वाद झाला. मग सबंधच भिजवायचं ठरलं. गोदाकाकूंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोहात बुडवला. आतून एकदा घरघर झाली, चार बुडबुडे वर आले आणि सगळं शांत झालं.

"बघा," एक म्हातारी पाणकोंबडी डोळे टिपत म्हणाली, "किती शांत झाला बिचारा. आवाजसुद्धा गेला."

पाण्याबाहेर काढल्यावर गोदाकाकूंनी त्याच्या फटीत तोंड घालून नवीन नाव सांगितलं. शिंपला. मग सगळ्यांनी त्याला हार घातला आणि संस्थेच्या कचेरीत मानाने ठेवला. हैबतीला त्याच्या बदली दुसरा पेटारा घेऊन देता देता केरोबाचं कंबरडं मोडलं, पण तो नंतरचा भाग.

त्याच रात्री सगुणाला जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. गारवा गृहसंस्थेने काही कमी केलं नाही. गोदाकाकू उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसल्या. कोणी शेक दिला, कोणी डिंकाचे लाडू आणले, भिवाजी तर ससेवैद्यांना आणायला जातीने निघाले आणि पोरं आठवड्याची झाल्यावर त्यांना घेऊन परतले. मुलांनो, वाईट कोणीच नव्हतं, हे नीट ध्यानात ठेवा. वाईट प्राण्यांची गोष्ट सांगायला सोपी असते. ही तशी नाही.

केरोबाचा शिंपला दुरुस्त होऊन आला. सकाळी तो पुन्हा दारात उभा राहून मान झुकवू लागला. एके दिवशी गोदाकाकू त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"माझी मान फारच धरलीय," त्या म्हणाल्या. "दाखवा बघू कसं करतात ते."

केरोबाने दाखवलं. डोंगराकडे तोंड, डोळे मिटायचे, मान हळूहळू खाली, क्षणभर थांबायचं, मग वर. गोदाकाकूंना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या पाणकोंबड्यांना घेऊन आल्या. मग खेकडे आले. खेकड्यांना मान नसते, पण ते सगळं अंगच वाकवायचे. थोड्याच दिवसांत सबंध डोहकाठ रोज सकाळी रांगेत उभा राहून डोंगराला मान झुकवू लागला. व्यायामाच्या नादात डोहात पाय भिजवायला उशीर व्हायचा. पुढे पुढे ते राहूनच गेलं.

केरोबा हे सगळं बघायचा आणि त्याला काय वाटून घ्यावं ते कळायचं नाही. तो सगुणाला म्हणाला, "आपले झाले म्हणायचे का हे?"

"विचारू नका," सगुणा म्हणाली. "हुकूम आहे."

पोरांचे काटे जरा टणक झाले. डोंगरपंथीयांत अशी रीत होती की काटे, केस, पिसं, जे काही असेल ते टणक झालं की बाळाला डोंगराखालच्या सपाट कातळावर न्यायचं आणि बापाने त्याची मान हलक्या हाताने डोंगरापुढे झुकवायची. त्याला पहिली मान म्हणत. केरोबाची पहिली मान त्याच कातळावर झाली होती, त्याच्या बापाचीही तिथेच. घरासाठी त्याने बाकी सगळं सोसलं होतं, पण ही एक गोष्ट त्याला सोडायची नव्हती. एका सकाळी दोन्ही पोरांना पाठीवर न घेता (का ते तुम्हीच ओळखा) एका टोपलीत घालून तो आणि सगुणा कातळावर गेली.

कातळ रिकामा होता. एवढ्या सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. केरोबाने इकडेतिकडे पाहिलं. खाली ओढ्यात सगळी कडेकपारी मंडळी ओळीने बसली होती. सगळ्यांचे पाय पाण्यात आणि मांडीवर पेटारे. त्यांत हैबतीही होता.

"काय रे हे?" केरोबाने त्याला हाक मारून विचारलं.

"पेटारा फार तापतो," हैबती म्हणाला. "पायांची आग होते. ससेवैद्य म्हणाले, रोज सकाळी पाय पाण्यात ठेवून बसा. आता सगळेच बसतो. फार शांत वाटतं, भावजी."

केरोबाने मान हलवली. मग त्याने टोपलीतून लेकीला उचललं, कातळावर ठेवलं, डोंगराकडे तोंड केलं आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

"ओ, पाहुणे," मागून आवाज आला. दादासाहेब मुंगूस ओढ्यातून ओले पाय झटकत येत होते. "इथे ते चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"ती मान झुकवण्याची खोड. ती शिंपलेवाल्यांची आहे. डोहाकाठी रोज सकाळी रांग लावून करतात, सगळ्या जंगलाला माहीत आहे. आम्ही इथे केव्हाच बंद केली."

केरोबाला आधी वाटलं, हे थट्टा करताहेत. मुंगसाच्या तोंडावर थट्टा दिसत नव्हती.

"दादासाहेब," तो म्हणाला. "अहो, हा आपला कातळ आहे. तुमच्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी इथे शेजारी उभं राहून मान झुकवलीय. तो आपला डोंगर आहे. मी डोंगरपंथी..."

दादासाहेबांनी कान झाकले. ओढ्यातल्या सगळ्यांनी कान झाकले. हैबतीनेही झाकले, पण त्याने निदान मान दुसरीकडे वळवली.

"तुमचा पंथ कुठलाही असो," दादासाहेब जरा मवाळ होऊन म्हणाले, "आमचं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण उद्या लोक म्हणतील, डोंगरावर शिंपलेवाले घुसले. लहान पोरं आहेत तुमची, उन्हाच्या आत घरी जा."

केरोबाने लेकीला उचलून टोपलीत ठेवलं. परतताना झाडीच्या मध्यावर आल्यावर तो खाली बसला आणि रडला. सगुणाने त्याला रडू दिलं. साळिंदराला जवळ घेता येत नाही, म्हणून ती नुसती शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरोबा बिळातून बाहेरच पडेना. बाहेर रांग लागली होती. गोदाकाकूंनी दोनदा हाक मारली, मग त्या स्वतः आत आल्या आणि दोन्ही पोरांना उचलून घेऊन गेल्या. त्या काय करताहेत ते बघायला केरोबा दारापर्यंत आला.

गोदाकाकूंनी पोरांना रांगेत सगळ्यांत पुढे ठेवलं, डोंगराकडे तोंड करून. मग आपल्या ओल्या, मऊ पंजाने आधी मुलीची आणि मग मुलाची मान हलकेच खाली झुकवली. "अस्सं," त्या म्हणाल्या. "हळूहळू. डोळे मिटा बघू. आता क्षणभर थांबा." मागे सबंध डोहकाठ वाकला होता. झाडीवरून डोंगर दिसत होता.

केरोबा दारातच वाकला. पोरांची पहिली मान झाली होती. ती लागू पडली की नाही, हे विचारायला मात्र जंगलात कोणी उरलं नव्हतं.

व्यायाम संपला. गोदाकाकूंनी मुलीला कडेवर घेतलं, तिच्या नाकावर नाक घासलं आणि सहज विचारावं तसं केरोबाला विचारलं, "मोठी झाली की हिला कुठला घेणार?"

रांगेतली हालचाल थांबली. भिवाजींनी मान जितकी लांब करता येईल तितकी लांब केली. या वेळी सगळ्यांचे कान उघडे होते.

"शिंपला," केरोबा म्हणाला. "दोघांनाही."

"गुणाचं ग माझं ते," गोदाकाकू म्हणाल्या, आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

तात्पर्य : धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, त्यात शेजाऱ्यांनी पडू नये आणि पडतही नाहीत. कॉम्प्युटर मात्र चारचौघांना विचारूनच घ्यावा.